अकाने यामागुची घडली कशी? जपानी बॅडमिंटनची शिडी, सोप्या भाषेत

सिंधूचे सामने आवर्जून बघणाऱ्यांना अकाने यामागुचीची ओळख करून द्यायला नको. उंची 156 सेंटिमीटर, आखूड केस, आणि आता संपलं असं वाटत असताना सूर मारून जमिनीलगतचं शटल उचलणारी ती मुलगी. 31 ऑगस्ट 2025 रोजी पॅरिसमध्ये तिने जागतिक अजिंक्यपद तिसऱ्यांदा जिंकलं. अंतिम फेरीत समोर होती टोकियो ऑलिंपिकची सुवर्णविजेती चेन युफेई, आणि निकाल लागला 21-9, 21-13. महिला एकेरीत तीन जागतिक सुवर्णपदकं तिच्याआधी फक्त स्पेनच्या कॅरोलिना मरीनने मिळवली होती.

आपल्याकडे खेळाडू घडण्याची गोष्ट साधारण ठरलेली असते. मुलीत चमक दिसते, आईवडील तिला हैदराबादला किंवा बंगळुरूला अकादमीत घालतात, कधी सगळं घरच तिकडे हलतं आणि पुढची दहा वर्षं एका प्रशिक्षकाच्या हाताखाली जातात. जपानमध्ये बहुतांश खेळाडूंचा रस्ता वेगळा असतो. तिथे शाळा, कंपनी आणि राष्ट्रीय संघ अशी तीन पायऱ्यांची शिडी आहे. सुरुवातीला बाहेरच्या माणसाला ती गोंधळात टाकते. खेळाडू कंपनीची कर्मचारी कशी, मग ती देशाकडून कधी खेळते, तिचा प्रशिक्षक नक्की कोण, असे प्रश्न पडतात. यामागुचीच्या कारकिर्दीवरून ही शिडी चांगली समजते, कारण ती चढताना पहिल्याच पायरीवर तिने बहुतेकांपेक्षा वेगळा निर्णय घेतला.

तिचा जन्म 6 जून 1997 चा. गाव कात्सुयामा, फुकुई प्रांतात. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडचा हा भाग भरपूर बर्फ पडणारा. गावाची वस्ती वीस-बावीस हजारांच्या घरात, आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याच्या ठिकाणाएवढी. जपानभर हे गाव डायनासोरच्या संग्रहालयासाठी प्रसिद्ध आहे. भावांच्या मागोमाग कोर्टवर जाता जाता ही मुलगी अगदी लहानपणीच खेळायला लागली.

आता पहिली पायरी, शाळा. जपानी शाळांमध्ये वर्ग सुटल्यावर मुलं आपापल्या क्लबात जातात. कुणी बेसबॉल, कुणी बँड, कुणी बॅडमिंटन. हा प्रकार तासाभराच्या खेळाच्या तासासारखा नाही. रोज संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारीही सराव, वरिष्ठ-कनिष्ठांची कडक शिस्त, आणि वर्षाचं ध्येय म्हणजे उन्हाळ्यात होणारी अखिल जपान आंतरशालेय स्पर्धा. ही स्पर्धा तिथे फार मानाची. जिंकणाऱ्या मुलांची नावं देशभर होतात आणि कंपन्यांची नजर तिथूनच त्यांच्यावर पडते.

साहजिकच काही शाळांनी बॅडमिंटनमध्ये नाव कमावलं आहे आणि त्या देशभरातून मुलं घेतात. मुलं बारा-पंधराव्या वर्षी घर सोडून तिथल्या वसतिगृहात राहायला जातात. 2017 ची जगज्जेती नोझोमी ओकुहारा मूळची नागानो प्रांतातल्या ओमाचीची, पण हायस्कूलसाठी ती सायतामाला गेली. पुरुष एकेरीत पुढे अव्वल झालेला केंतो मोमोता दक्षिणेकडच्या कागावाचा. तो थेट फुकुशिमातल्या तोमिओकाच्या शाळेत दाखल झाला. मार्च 2011 च्या भूकंपानंतर अणुप्रकल्पाचा अपघात झाला आणि तोमिओका रिकामं करावं लागलं. मोमोता त्या वेळी सरावासाठी इंडोनेशियात होता. शाळेचा संघ नंतर इनावाशिरोला हलला आणि तिथून खेळत राहिला. पुढच्या वर्षी मोमोता जागतिक कनिष्ठ विजेता झाला. घरापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यात शाळाच विस्थापित झालेली, आणि तरी सराव चालूच. नामवंत शाळेत जाण्याची किंमत काय असते, ते या मुलाच्या वाट्याला आलेल्या दिवसांवरून कळतं.

यामागुचीने ती वाट धरली नाही. वयाच्या 15 व्या वर्षी, माध्यमिक शाळेत असतानाच, ती जपानच्या राष्ट्रीय संघात निवडली गेली होती. कुठल्याही बलाढ्य शाळेने तिला आनंदाने घेतलं असतं. पण तिने कात्सुयामाच्याच हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. सरकारी शाळा, आपलं गाव, आपली माणसं. मला तिच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. तोडीच्या मुलींशी रोज खेळूनच खेळ वाढतो, हे सगळ्यांना पटणारं तत्त्व आहे आणि ते खोटंही नाही. तरी त्या वयात मुलीचं मन आणि शरीर दोन्ही टिकवायचं असेल तर घर जवळ असण्यालाही मोल असतं. राष्ट्रीय संघाची शिबिरं आणि परदेशातल्या स्पर्धा होत्याच. तिथे तिला हवी ती टक्कर मिळत होती.

त्या वर्षांतले निकाल बघा. 2012 मध्ये जपानमध्येच, चिबा इथे, जागतिक कनिष्ठ स्पर्धा झाली. ही स्पर्धा 19 वर्षांखालच्यांची. पंधरा वर्षांची यामागुची थेट अंतिम फेरीत पोहोचली आणि तिथे तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या ओकुहाराने तिला हरवलं. पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये तिने सुवर्ण घेतलं. अंतिम सामना तिच्याच देशाच्या आया ओहोरीशी होता. या दोघी अकरा वर्षांनी, 2024 मध्ये, जपानच्या महिला एकेरीच्या खेळाडू म्हणून ऑलिंपिकला एकत्र गेल्या. 2014 मध्ये मलेशियातल्या अलोर सेतारला चीनच्या हे बिंगजियाओला हरवून यामागुचीने कनिष्ठ गटाचं सुवर्ण राखलं. त्याच वर्षी नानजिंगच्या युवा ऑलिंपिकमध्ये याच हे बिंगजियाओने तिला अंतिम फेरीत हरवलं होतं.

पण खरा धक्का सप्टेंबर 2013 चा. तेव्हा मोठ्या खुल्या स्पर्धांच्या मालिकेला सुपर सीरिज म्हणत. जगातले पहिल्या फळीतले खेळाडू तिथे उतरायचे. त्यातली जपान ओपन स्पर्धा सोळा वर्षांच्या या शाळकरी मुलीने जिंकली. अंतिम फेरीत तिने शिझुका उचिदाला हरवलं. एवढ्या लहान वयात सुपर सीरिज कुणीच जिंकली नव्हती. पदक घेऊन ती परत गेली ती कात्सुयामाच्या वर्गात, कारण हायस्कूलची अडीच वर्षं अजून बाकी होती.

दुसरी पायरी कंपनीची. हायस्कूल किंवा विद्यापीठ संपलं की जपानी खेळाडू एखाद्या कंपनीच्या संघात जातो. मुंबईच्या क्रिकेटशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच समजेल. टाइम्स शील्डसाठी टाटा, मफतलाल, निर्लॉन असे कार्यालयांचे संघ खेळायचे. खेळाडूला नोकरी, पगार आणि सरावाला मोकळीक मिळायची. कबड्डीतही व्यावसायिक संघांची परंपरा आपल्याकडे आहेच. जपानने हीच पद्धत बॅडमिंटनमध्ये पूर्ण ताकदीने राबवली आहे. कंपनीचं स्वतःचं क्रीडागृह, स्वतःचे प्रशिक्षक, बारा-पंधरा खेळाडूंचा संघ, आणि कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय लीग. खेळणं थांबल्यावर त्याच कंपनीत नोकरी चालू ठेवण्याची सोयही बहुतेकदा असते. विसाव्या वर्षी गुडघा गेला तर पुढे काय, ही धास्ती त्यामुळे कमी होते.

यामागुची एप्रिल 2016 मध्ये कुमामोतोच्या सायशुंकान या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाली. कंपनी माशिकी गावात आहे. त्याच महिन्याच्या 14 आणि 16 तारखेला कुमामोतोला दोन मोठे भूकंप झाले आणि सर्वाधिक हानी झालेल्या ठिकाणांत माशिकी होतं. अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घर सोडून नोकरीला जाते आणि काही दिवसांत पायाखालची जमीन हादरते. त्यातून सावरून ती ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक खेळली आणि वर्ष संपायच्या आत तिने डेन्मार्क आणि कोरियातल्या सुपर सीरिज स्पर्धा जिंकल्या.

तिसरी पायरी राष्ट्रीय संघाची, आणि इथे एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. पार्क जू-बोंग. कोरियाचा हा दुहेरीतला दिग्गज, 1992 चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, 2004 च्या अखेरीस जपानचा मुख्य प्रशिक्षक झाला. तोवर जपानी खेळाडू वर्षभर आपापल्या कंपनीतच सराव करायचे आणि मोठी स्पर्धा आली की तेवढ्यापुरते एकत्र जमायचे. कंपनीला लीग जिंकायची घाई, देशाला पदक हवं, आणि खेळाडू मध्ये अडकलेला. पार्कने आग्रह धरला की राष्ट्रीय संघाची दीर्घ शिबिरं हवीत आणि चांगले खेळाडू वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळले पाहिजेत. 2008 मध्ये टोकियोत राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं आणि या कामाला हक्काची जागा मिळाली. फळ यायला वेळ लागला, पण ते आलं. 2012 मध्ये महिला दुहेरीत ऑलिंपिक रौप्य, 2014 मध्ये नवी दिल्लीत थॉमस चषक, म्हणजे पुरुषांचं जागतिक सांघिक विजेतेपद, 2016 मध्ये महिला दुहेरीत ऑलिंपिक सुवर्ण. 2018 मध्ये तर महिलांच्या सांघिक स्पर्धेचा उबेर चषक 37 वर्षांनी जपानला परत मिळाला. बँकॉकमधल्या त्या अंतिम लढतीत यजमान थायलंडच्या रत्चानोक इंतानोनविरुद्धचा पहिला सामना यामागुचीनेच जिंकून दिला होता. पार्क 2025 पर्यंत जपानमध्ये राहिला आणि नंतर आपल्या देशाचा संघ सांभाळायला परत गेला.

तर जपानी खेळाडूला पगार कंपनी देते, रोजचं घर आणि क्रीडागृह कंपनीचं, आणि देशाच्या शिबिरांत व परदेश दौऱ्यांवर तो राष्ट्रीय प्रशिक्षकांच्या हाताखाली असतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांना वेळ सोडावा लागतो.

क्रमवारीचंही थोडं सांगतो, कारण बातम्यांमध्ये ‘जगात अव्वल’ वाचून आपण पुढे जातो आणि ते कसं ठरतं ते राहून जातं. जागतिक क्रमवारी दर आठवड्याला लागते आणि त्यात मागच्या 52 आठवड्यांतल्या खेळाडूच्या सर्वोत्तम 10 स्पर्धा धरतात. जागतिक अजिंक्यपद किंवा ऑलिंपिक जिंकलं तर 13,000 गुण. ऑल इंग्लंडसारखी सुपर 1000 स्पर्धा जिंकली तर 12,000, सुपर 750 ला 11,000, सुपर 500 ला 9,200 आणि सुपर 300 ला 7,000. दहापेक्षा जास्त स्पर्धा खेळल्या तर सगळ्यात कमी गुणांच्या गळतात. वर्षापूर्वीचे गुण आपोआप पुसले जातात, म्हणून मागच्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा पहिल्या फेरीत हरली तर क्रमवारी घसरते. दुखापतीत तर काहीही न हरता माणूस खाली येतो. यामागुची एप्रिल 2018 मध्ये पहिल्यांदा अव्वल झाली. जपानच्या महिला एकेरीत हे तिच्याआधी कुणाला जमलं नव्हतं. त्यानंतर ती किती वेळा खाली-वर झाली ते बघितलं तर लक्षात येतं की हा क्रमांक म्हणजे मागच्या एका वर्षाचा हिशेब असतो. खेळाडूची कुवत मोजायला तो अपुराच पडतो.

कुवत बघायची तर कोर्टवर. मला सगळ्यात जास्त रस याच भागात आहे.

बॅडमिंटनचं नेट मध्यभागी 1.524 मीटर उंच असतं. यामागुचीची उंची 1.56. म्हणजे नेटजवळ उभी राहिली की वरची पांढरी पट्टी तिच्या जवळजवळ डोक्याच्या पातळीला येते. सिंधू 1.79 मीटर. 23 सेंटिमीटरचा फरक, त्यात हाताच्या लांबीचा फरक वेगळा. उंच खेळाडू मागच्या रेषेवरून स्मॅश मारते तेव्हा शटल वरून खाली तिरपं येतं आणि लवकर जमिनीकडे जातं. कमी उंचीच्या खेळाडूने तेवढ्याच जोराने मारलं तरी शटल नेटवरून जायला त्याची रेषा सपाट ठेवावी लागते, आणि सपाट शटल परतवायला सोपं. बचावातही तेच. एकेरीत आपल्या बाजूला 6.70 मीटर लांब आणि 5.18 मीटर रुंद जागा राखायची असते, म्हणजे सुमारे 35 चौरस मीटर. उंच खेळाडू एक पाऊल टाकून जिथे पोहोचते तिथे हिला दोन लागतात.

ही तूट ती तीन गोष्टींनी भरून काढते. पहिली, ती शटलकडे लवकर निघते. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट शटलला लागते त्या क्षणी ती दोन्ही पायांवर हलकी उसळी घेते आणि उतरताना तिचं शरीर योग्य दिशेला वळलेलं असतं. दूरचित्रवाणीवर आपण शटलकडे बघतो म्हणून हे सुटतं. एकदा पूर्ण गेमभर फक्त तिच्या पायांकडे बघा. दुसरी, ती मागच्या कोपऱ्यातून उडी मारून मारते, त्यामुळे हरवलेली उंची थोडी परत मिळते. आणि तिसरी, तिचे फटके शेवटपर्यंत कळत नाहीत. स्मॅशसाठी वर गेलेला हात अखेरच्या क्षणी मनगट वळवून शटल हळूच तिरकं नेटपलीकडे टाकतो. समोरची मागे रेललेली असते आणि तिला पुढे धावावं लागतं. असं दहा-बारा वेळा झालं की उंच खेळाडूचे लांब पाय जड होतात. आणि या सगळ्यावर तिचं सूर मारणं. ते बघायला थरारक असलं तरी तिचा खेळ उभा आहे तो आधीच्या दोन पावलांवर.

सिंधूशी तिचे सामने इतके रंगतात ते या फरकामुळे. एकीकडे उंची आणि ताकद, दुसरीकडे गती आणि चिकाटी. डिसेंबर 2017 मध्ये दुबईला सुपर सीरिजच्या अंतिम स्पर्धेत दोघी 94 मिनिटं झुंजल्या आणि यामागुची 15-21, 21-12, 21-19 अशी जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगोला जागतिक अंतिम फेरीत सिंधू ओकुहाराकडून 110 मिनिटांच्या सामन्यात हरली होती. दोन्ही जखमा भारतीय प्रेक्षकांच्या मनात ताज्या होत्या, आणि दोन्ही करणाऱ्या मुली ठेंगण्या, जपानी आणि न थकणाऱ्या.

मग आला 30 जुलै 2021. टोकियो ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी. यामागुची घरच्या मैदानावर, पण साथीमुळे प्रेक्षागार रिकामं. पहिला गेम सिंधूने 21-13 असा सहज घेतला. दुसऱ्यात यामागुचीने मागून येऊन 20-18 अशी आघाडी घेतली, म्हणजे दोन गेम पॉइंट. एक गुण मिळाला असता तर सामना तिसऱ्या गेममध्ये गेला असता, आणि तिसऱ्या गेममध्ये ती किती धोकादायक असते हे सिंधूपेक्षा जास्त कुणाला ठाऊक! सिंधूने सलग चार गुण घेतले आणि 22-20 वर सामना संपवला. आपण इकडे जल्लोष केला आणि ते योग्यच होतं. पण तिकडे चोवीस वर्षांची मुलगी आपल्याच देशात भरलेल्या ऑलिंपिकमधून पदकाविना बाहेर पडत होती, आणि त्या ऑलिंपिकची तयारी तिने पाच वर्षं केली होती.

चारच महिने उलटल्यावर, डिसेंबर 2021 मध्ये, स्पेनमधल्या वेल्वा इथे तिने तैवानच्या ताई झू यिंगला 21-14, 21-11 असं हरवून पहिलं जागतिक सुवर्ण घेतलं. मार्च 2022 मध्ये कोरियाच्या आन से यंगला हरवून ऑल इंग्लंड. ऑगस्टमध्ये टोकियोतच दुसरं जागतिक सुवर्ण, या वेळी भरल्या प्रेक्षागारासमोर. डिसेंबरमध्ये वर्षअखेरची वर्ल्ड टूर फायनल्स. एका वर्षात एवढं सगळं फार थोड्यांना जमतं.

ऑलिंपिक मात्र तिला हुलकावणी देत राहिलं. रिओत उपांत्यपूर्व फेरीत ओकुहाराविरुद्ध पहिला गेम 21-11 जिंकून ती पुढचे दोन हरली. टोकियोत सिंधू. पॅरिसमध्ये 2024 ला आन से यंगविरुद्ध पुन्हा पहिला गेम तिचा, 21-15, आणि मग 17-21, 8-21. तीन ऑलिंपिक, तिन्ही वेळा शेवटच्या आठांत शेवट. यात ड्रॉचाही, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी पडेल या मांडणीचाही, वाटा असतो. प्रत्येक देशाला महिला एकेरीत जास्तीत जास्त दोनच खेळाडू पाठवता येतात, तेही दोघी पात्रता क्रमवारीत पहिल्या सोळांत असतील तर. त्या दोघी ड्रॉच्या एकाच बाजूला आल्या तर रिओसारखं होतं, आणि मायदेशाच्याच मुलीशी गाठ पडते. पण सगळं ड्रॉवर ढकलता येणार नाही. तीनपैकी दोन वेळा तिने पहिला गेम घेऊन सामना सोडला. अखेरीस पाय जड झाले, हे पॅरिसच्या तिसऱ्या गेममधले 8 गुण स्पष्ट सांगतात.

म्हणून 2025 चं सुवर्ण मला तिच्या बाकी सगळ्या पदकांहून मोठं वाटतं. स्पर्धा पॅरिसच्या पोर्त द ला शापेल इथल्या त्याच क्रीडागृहात होती, जिथे वर्षभरापूर्वी ती हरली होती. सिंधूही तिच्याच बाजूला होती, पण उपांत्यपूर्व फेरीत इंडोनेशियाच्या पुत्री कुसुमा वर्दानीकडून हरली. उपांत्य सामन्यात त्याच पुत्रीने यामागुचीकडून एक गेम काढला आणि मग तिसऱ्या गेममध्ये तिला फक्त 6 गुण मिळाले. 28 व्या वर्षी, वयाने लहान आणि उंच मुलींसमोर, तिसऱ्या गेममध्ये पाय हलत होते. त्याच वर्षीच्या ऑल इंग्लंडमध्ये आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडलाही दुसऱ्या फेरीत तिच्याशीच खेळायला मिळालं होतं. हरली असली तरी अशा खेळाडूसमोर कोर्टवर काढलेली मिनिटं मालविकाच्या उपयोगी पडतील अशी माझी खात्री आहे.

जपानमध्ये मागून येणाऱ्यांची रांग आहेच. 2006 मध्ये जन्मलेली तोमोका मियाझाकी 2022 मध्ये स्पेनच्या सांतांदेरला जागतिक कनिष्ठ विजेती झाली आणि हायस्कूल संपायच्या आतच मोठ्यांच्या स्पर्धांत दिसू लागली. पण शिडीची पहिली पायरी आता बदलते आहे. मुलांची संख्या घटल्याने लहान गावांतल्या शाळांना संघ उभे करणं अवघड झालं आहे, आणि रोज रात्रीपर्यंत क्लब सांभाळून शिक्षक थकले आहेत. म्हणून 2023 पासून सरकारी माध्यमिक शाळांच्या शनिवार-रविवारच्या क्लबांची जबाबदारी हळूहळू गावातल्या संस्थांकडे सोपवायला सुरुवात झाली. मोठ्या शहरांत अशा संस्था आणि पैसे देणारे पालक मिळतील. कात्सुयामासारख्या गावांत सरावाला कोण थांबणार, क्रीडागृहाचं भाडं कोण भरणार आणि मुलांना तिथवर कोण नेऊन आणणार, याची उत्तरं जपानमधली एकेक नगरपालिका सध्या आपापल्या परीने शोधते आहे.